माडीच्या फळ्यांवर नवा हात

कोकणात मातीची जमीन जुनी झाली म्हणून कोणी लगेच उकरत नसे. शेणाचं सारवण पुन्हा पुन्हा फिरे. खालची मातीच पोपडे धरून उखडली, तरच खणून, भिजवून, चोपण्याने नवी जमीन करायची. माडीच्या लाकडी तक्तपोशीलाही, म्हणजे फळ्यांच्या जमिनीलाही, हाच हिशोब लागू आहे: वरचा थर झिजला तर थर द्यावा, लाकूड तासू नये.

या फळ्या साग, फणस, किंजळ, ऐन अशा लाकडांच्या. सागाचं तर कोकणाशी वेगळंच नातं. ब्रह्मदेशातल्या सागतोडीवरून बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला दंड झाला, तेच निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये युद्ध पुकारलं आणि तिथला थिबा राजा पदच्युत होऊन रत्नागिरीला आला.

जुनं पॉलिश लाखेचं, स्पिरिटमध्ये विरघळवलेलं. स्पिरिट जुन्या थरालाही विरघळवतं, त्यामुळे नवा हात खालच्यात मिसळून एकजीव होतो. डागडुजी सोपी होती ती यामुळेच. उणीव एवढीच की लाख पाण्याने पांढरी पडते, आणि दमट हवेत स्पिरिट उडताना थर थंड होऊन बाष्प धरतो. म्हणून पावसाळ्यात पॉलिश मारू नये.

१९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं. पुढे त्याची लाद्यांसारखी टणक वार्निशं आली. ती एकदा पक्की वाळली की नवा हात त्यांत विरघळत नाही, फक्त खरवडलेल्या पृष्ठभागाला धरून बसतो. तेव्हापासून पूर्वतयारी हेच मुख्य काम झालं. ती टाळली की थर सालीसारखा सुटतो, आणि ‘पुन्हा हात मारून उपयोग नाही, मशीन लावा’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

मशीनने पूर्ण घासलं की साधारण एक मिलिमीटर लाकूड जातं. एका फळीची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसवलेली असते, अशा जोडणीत जिभेच्या वर जेमतेम पाच-सहा मिलिमीटर असतं. जुन्या फळ्यांत खिळ्यांची डोकी उघडी पडून मशीनचा घासपट्टा फाटतो. तळमजल्यावरच्या फळ्या पावसात खालून ओल धरून कडा उचलतात. तशाच सपाट तासल्या, तर वाळल्यावर कडा खाली बसतात आणि फळीचा मध्य फुगीर राहतो. ही चूक भरून येत नाही.

म्हणून आधी तपासणी. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा ठेवा: चिकट झालं तर लाख आहे, वर लाखच द्या. टर्पेंटाईनने पुसून फडक्यावर मेण आलं, तर ते पूर्ण काढा, नाहीतर थराला खळगे पडतात आणि तो सुटतो. सिलिकॉनचं फर्निचर पॉलिश वापरलं असेल तर धोका तोच. मग रुळलेल्या वाटेवर पाण्याचा थेंब ठेवा. पाच मिनिटांत खालचं लाकूड काळवंडलं तर तिथला थर संपला आहे.

थर शिल्लक असेल तर १२० ते १५० नंबरच्या पॉलिशपेपरने सगळी चमक मरेपर्यंत घासा. चकाकणारा ठिपका राहिला की तिथूनच साल निघणार. धूळ ओढून घ्या, किंचित ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. आधी कोपऱ्यात एक हात मारून, तो वाळल्यावर ब्लेडने चौकट कापून, तिच्यावर चिकटपट्टी लावून ओढून बघा. थर सोबत निघाला तर तयारी कमी पडली. लिटरभर वार्निश साधारण दहा चौरस मीटरला पुरतं. १० बाय १२ फुटांच्या खोलीला दोन हातांसाठी सव्वादोन लिटर लागेल. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ यासाठी उत्तम. पहिला हात वाळला की हलकं घासून दुसरा. जड सामान आठवडाभर तरी आत आणू नका.

झोपाळ्याखाली पाय घासून लाकूड उघडं पडलेलं असतं. तो पट्टा वार्निशचा नुसता हात मारून भरत नाही. पाण्याने काळवंडलेला डागही नव्या थराखाली तसाच कोंडला जातो. एवढ्याच फळ्या हाताने घासून घ्या. रंगछटेत फरक दिसेल, पण बाकीची तक्तपोशी शाबूत राहील.