इडियम पाठ झाले, मग 'आय डिड अ मिस्टेक' कुठून आलं?

इंग्रजी सुधारायचं ठरलं की लोक आधी इडियमची यादी शोधतात. महिनाभर रोज दहा पाठ करतात आणि मग ऐटीत म्हणतात, 'आय डिड अ मिस्टेक.' इथे इडियम कमी पडलेला नाही, कोलोकेशन, म्हणजे कोणत्या शब्दासोबत कोणता शब्द येतो ते, चुकलंय: 'मिस्टेक'सोबत 'डिड' नाही, 'मेड' येतं. पण 'महत्त्वाचे वाक्प्रचार' अशा एकाच मथळ्याखाली दोन्ही कोंबलेले असतात, त्यामुळे आपलं नक्की काय चुकतंय हे कुणाला कळतच नाही.

इडियम म्हणजे आपला वाक्प्रचार. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हे शाळेत पुष्कळ झालंय, त्यामुळे फार सांगत नाही. हातावर तुरी देण्यात तूर नसते, तशी 'किक द बकेट'मध्ये बादली नसते. माणूस मेला, एवढाच अर्थ. फ्रेझल व्हर्बचंही (क्रियापदाला 'अप', 'ऑफ' असा छोटा शब्द जोडून होतं ते) उगाच वेगळं प्रकरण करू नका. 'गिव्ह अप'सारखा ज्याचा अर्थ सुट्या शब्दांवरून लागत नाही, तो इडियमच्या खणात टाका आणि पुढे चला.

कोलोकेशन म्हणजे शब्दांची ठरलेली सोबत. (कृपा करून याला जोडशब्द म्हणू नका. दगडधोंडे हा जोडशब्द.) ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५० च्या दशकात ही कल्पना भाषाशास्त्रात रुजवली, पण आपण ती जन्मापासून वापरतोय. पाऊस मुसळधार, थंडी कडाक्याची, जंगल घनदाट, झोप गाढ. मुसळधार थंडी कधी कुणाला वाजली आहे का?

आता खरी मेख. एक शब्द बदलून बघा. 'हातावर मूग दिले' म्हटलंत तर अर्थच पळून जातो, समोरचा हातातले मूग शोधत बसतो. हा इडियम. 'मला खोल झोप लागली' म्हटलंत तर अर्थ शंभर टक्के पोचतो, फक्त कानाला खटकतं. हे कोलोकेशन. गंमत म्हणजे इंग्रजीत झोप खोलच असते, 'डीप स्लीप'. आणि पाऊस असतो जड, 'हेवी रेन'. 'स्ट्राँग रेन' म्हणालात तर समजेल सगळ्यांना, पण तसं म्हणत नाहीत. का नाही? कारण नाही. वहिवाट आहे.

म्हणूनच इडियम ऐकताना अडतो आणि कोलोकेशन बोलताना. कोलोकेशन वाचताना इतकं सोपं वाटतं की 'हे तर येतं' म्हणून आपण पान उलटतो. 'पे अटेन्शन' वाचून कुणी थबकत नाही, पण स्वतः बोलायची वेळ आली की 'लक्ष देणे'तलं देणे आड येतं आणि तोंडून 'गिव्ह' निघतं. 'गिव्ह अटेन्शन' एक वेळ खपून जातं. 'परीक्षा देणे' खपत नाही. मी एकदा परदेशातल्या सहकाऱ्याला सांगितलं, 'आय गेव्ह ॲन एक्झाम यस्टर्डे.' त्याने आपुलकीने विचारलं, विद्यार्थी किती होते? मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतो. इंग्रजीत नेमकं उलट: विद्यार्थी 'टेक' करतो, शिक्षक 'गिव्ह'. भारतीय इंग्रजीत 'गिव्ह' सर्रास चालतं, त्यामुळे आपल्याआपल्यात ही चूक कधी उघडी पडत नाही.

माझं मत विचाराल तर इडियम कळावेत, वापरायची घाई नको. शोकसंदेशात 'किक द बकेट' लिहिणं म्हणजे 'आपले वडील गचकल्याचं कळलं' असं लिहिणं. आणि 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' तर अजून पहिल्या धड्यात का असतं, देव जाणे. जोनाथन स्विफ्टने १७३८ साली ही कल्पना वापरली, तीही लोकांच्या गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टर उडवणाऱ्या पुस्तकात. तेव्हाच जे शिळं होतं, ते आपण आज ताजं म्हणून पाठ करतोय.

त्यापेक्षा वहीत नाम कधी एकटं लिहू नका. 'मिस्टेक म्हणजे चूक' ही नोंद निरुपयोगी आहे. 'मेक अ मिस्टेक' लिहा. तसंच 'डू होमवर्क', 'टेक अ फोटो', 'मेक ॲन एफर्ट'. मराठीतून क्रियापद उचलून आणायची सवय किती दगा देते ते बघायचं असेल तर एकटं 'लावणे' घ्या. दार लावा म्हणजे 'शट', दिवा लावा म्हणजे 'टर्न ऑन', मलम लावा म्हणजे 'अप्लाय', फोन लावा म्हणजे 'मेक अ कॉल'. आणि गजर लावायचा असेल तर 'सेट'.