क्यू आला, यू नाही! अक्षरांवरून इंग्रजी शब्द कसे शोधावेत?
(स्क्रॅबलचा संच घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

संच नेलेले ग्राहक आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा दुकानात येतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: “आमचं इंग्रजी कच्चं हो, शब्दच सुचत नाहीत.” म्हणून हे पत्रक. इंग्रजी स्पेलिंगं मुद्दाम देवनागरीत छापली आहेत. घरातल्या एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी टाइल लावून पाहाव्यात.

आधी कच्च्या इंग्रजीबद्दल. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. शब्दांची यादी तेवढी त्याने पाठ केली होती. २००७ मध्ये मुंबईत भरलेली इंग्रजीची जागतिक स्पर्धाही त्यानेच जिंकली होती. तेव्हा अर्थ येत नाही म्हणून अडून बसू नका.

आपली खरी अडचण वेगळीच आहे. आपण मराठी माणसं शब्द कानाने शोधतो. ऐकू येतं तसं लिहायची सवय लहानपणापासूनची. त्यामुळे हातात पी आणि एच असले तरी ‘फ’ दिसत नाही, आणि के-एन समोर असूनही ‘नी’ म्हणजे गुडघा आठवत नाही, कारण त्यातला के बोलतच नाही. यावर उपाय म्हणजे जोड्या बघणं. टाइल हातात आल्या की पी-एच, सी-के, जी-एच, के-एन, डब्ल्यू-आर अशी कुठली जोडी जमते का ते पाहा आणि जमली तर शेजारी शेजारी ठेवा. आय-एन-जी, ई-डी, ई-आर ही शेपटं जमत असतील तर रॅकच्या (टाइल उभ्या करायच्या पट्टीच्या) उजव्या टोकाला सरकवा आणि उरलेल्या चार-पाच अक्षरांचंच कोडं सोडवा. तेही जमेना तर टाइल कागदावर गोल मांडा. सरळ ओळीत डोळा एकाच क्रमाला चिकटून बसतो.

आता क्यू. हा खेळ रचणारे अमेरिकी वास्तुरचनाकार आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून टाइलांचं प्रमाण ठरवलं. म्हणून १०० टाइलांत ई १२ आहेत, ए आणि आय नऊ-नऊ, पण क्यू एकच. त्याचे गुण १०, आणि डाव संपताना हातात राहिला तर तेच १० वजा. शाळेत शिकवलेलं असतं की क्यूमागे यू हवाच. खेळात तसं नाही. क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द चालतो (चिनी विचारातली प्राणशक्ती). एवढा एक पाठ केलात तरी निम्मी भीती जाईल. पुढचे शब्द तर आपल्या ओळखीचेच आहेत: फकीर म्हणजे एफ-ए-क्यू-आय-आर, बुरखा म्हणजे बी-यू-आर-क्यू-ए, तलाक म्हणजे टी-ए-एल-ए-क्यू, नकाब म्हणजे एन-आय-क्यू-ए-बी. कव्वालीसुद्धा चालते: क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. सातही टाइल एकदम लागल्याचे ५० जास्तीचे धरून पटावरच्या रंगीत चौकोनांशिवायच ७२ गुण होतात. पण संचात डब्ल्यू दोनच आहेत आणि दोन्ही क्यूसोबत एकाच हातात यायला हवेत. आम्ही तरी ही कव्वाली अजून कुणाला लावताना पाहिलेली नाही.

झेडसाठी झेड-ए आणि झेड-ओ लक्षात ठेवा. पहिला म्हणजे अमेरिकन मुलांच्या तोंडचा पिझ्झा, दुसरा याक आणि गाय यांचा संकर. साडीची जरही झेड-ए-आर-आय म्हणून चालते. व्ही मात्र दगा देतो. व्ही असलेला दोन अक्षरी शब्द एकही नाही, तेव्हा तो लवकर काढून टाका.

शब्द चालतो की नाही, यावरून घरात वाद होतातच. आपल्याकडे साधारणपणे कॉलिन्स या शब्दकोशाची चालणाऱ्या शब्दांची यादी धरतात, अमेरिकेत वेगळी. वरचे शब्द कॉलिन्सप्रमाणे दिले आहेत. त्या यादीत २०१९ च्या आवृत्तीपासून दोन अक्षरी शब्द १२७ आहेत. रोज पाच म्हटलं तरी महिन्याभरात होतात. कुठली यादी मानायची ते पहिली टाइल ठेवण्याआधी ठरवा, नंतर नाही.

सरावासाठी एक जुनी युक्ती आहे आणि आमच्या मते हीच सर्वांत कामाची. कुठल्याही शब्दाची अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावा. ‘लिसन’ची अक्षरं ई-आय-एल-एन-एस-टी अशी लागतात. ‘सायलेंट’ची लावली तर? तीच. ‘एन्लिस्ट’ आणि ‘टिन्सेल’चीही तीच. एका वहीत डावीकडे असा क्रम आणि उजवीकडे त्यातून निघणारे सगळे शब्द लिहीत जा. संगणकावर अक्षरांवरून शब्द काढून देणारी साधनंही आतून असंच काही करतात. त्यांपैकी बऱ्याच साधनांत माहीत नसलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकता येतं, म्हणून वर्डलसारख्या खेळात, जिथे अक्षराची जागा कळलेली असते, ती जास्त उपयोगी पडतात.

ही साधनं डाव संपल्यावर वापरा, काय हुकलं ते कळतं. डाव चालू असताना मात्र फोन पालथा ठेवावा. काहीच जमेना तर टाइल बदलून घ्या. पिशवीत किमान सात उरलेल्या हव्यात आणि ती पाळी जाते, पण त्यात कमीपणा नाही.

टाइल हरवल्यास दुकानात सांगा, सुटी मिळेल. सर्वांत जास्त क्यूच हरवतो असा आमचा अनुभव आहे, तेव्हा येण्याआधी ज्याची शेवटची पाळी होती त्याचा खिसा एकदा पाहून घ्यावा.