लाकडी फर्निचरची दुरुस्ती व पुनरुज्जीवन (मराठवाडा)

कपाटे, पलंग, खुर्च्या, पेट्या, फडताळे, देव्हारे अशा लाकडी सामानाचे निखळलेले सांधे, तडकलेल्या फळ्या, किडलेले भाग व उडालेले पॉलिश नीट करण्याचा व्यवसाय. दुरुस्तीत वस्तू पुन्हा वापरण्याजोगी करणे एवढाच हेतू असतो. पुनरुज्जीवनात तिचे मूळ लाकूड, घडण आणि वर्षानुवर्षांच्या हाताळणीने चढलेला रंगही राखायचा असतो. मराठवाड्यात ही दोन्ही कामे बहुधा एकच मिस्त्री करतो. त्यामुळे कोणत्या वस्तूला कोणते काम हवे, हे ओळखणे हाच त्याच्या कौशल्याचा पहिला भाग ठरतो.

गावगाड्यात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. तिफण, वखर, बैलगाडी यांची डागडुजी तो वर्षभर करी आणि सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने बलुते घेई. म्हणजे नव्या घडणीइतकीच दुरुस्तीही त्याच्या पोटापाण्याचा आधार होती. लोखंडी अवजारे व ट्रॅक्टर आल्यावर हे काम आटले आणि अनेक सुतार तालुक्याच्या गावी फर्निचरकामाकडे वळले. अवजारांना बाभूळ, तर घरसामानाला सागवान व ऐपत असेल तेथे शिसव अशी लाकडाची निवड असे. नांदेड जिल्ह्यातील किनवटचे जंगल सागासाठी प्रसिद्ध आहे. माळवदाच्या (सपाट मातीच्या छताच्या) घरांतील खांब व तुळया हा जुन्या लाकडाचा दुसरा मोठा साठा होय. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड दगडी भिंती ढासळल्या, तरी आतला लाकडी सांगाडा अनेक घरांत उभा राहिला होता. पाडलेल्या वाड्यांतून निघणारे असे मुरलेले लाकूड दुरुस्तीला फार मोलाचे असते, कारण त्याचे आकसणे बरेचसे होऊन गेलेले असते आणि रंगही जुन्या वस्तूशी जुळतो.

या प्रदेशातील बहुतेक बिघाडांचे मूळ हवामानात आहे. वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते; पावसाळ्यात तीच हवा दमट होते. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत ते आकसते व फुगते. त्यातही वार्षिक वलयांच्या रेषेत होणारा हा फरक गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेतील फरकाच्या साधारण दुप्पट असतो. म्हणूनच जुन्या कपाटाच्या दारात मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी सोडलेली असते. ती हलते म्हणून कोणी खिळे ठोकून किंवा डिंक भरून पक्की केली, तर पुढच्या उन्हाळ्यात आकसायला वाव न मिळाल्याने ती मधोमध तडकते. मराठवाड्यात दिसणाऱ्या तडकलेल्या दारांपैकी कित्येक अशा चुकीच्या दुरुस्तीने गेलेली असतात. श्रावणात दाटलेल्या दाराला घाईने रंधा मारणेही तितकेच नुकसानीचे आहे. पाऊस सरल्यावर तेथे कायमची फट राहते.

सांधा उघडण्याचे काम संयमाचे आहे. जुने सामान जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने जोडलेले असते आणि सरस उष्णता व ओलाव्याने सुटतो. डगमगणाऱ्या खुर्चीच्या पायाभोवती गरम पाण्यात पिळलेले फडके गुंडाळून ठेवतात, मग लाकडी हातोड्याने हलके ठोके देत पायाचे कूस (खाचेत बसणारे निमुळते टोक) बाहेर काढतात. फेव्हिकॉलसारखा नवा डिंक वापरायचा असेल तर जुना सरस खरवडून लाकूड उघडे करावेच लागते, कारण त्याच्या थरावर तो नीट धरत नाही. आकसून बारीक झालेल्या कुसाला त्याच जातीच्या लाकडाची पातळ चिपटी चिकटवतात, ती रंध्याने मापात आणतात आणि सांधा बसवून शिकंज्यात आवळतात. शिकंजा नसेल तर दोरीचा फास टाकून त्यात काठी घालून पीळ देतात. आज पांढरा फेव्हिकॉल सर्रास वापरला जातो व त्याची पकड उत्तम असते. परंतु तो सांधा पुढे सहजी उघडत नाही. मोलाच्या जुन्या वस्तूला सरसच वापरणे योग्य होय, कारण पुढच्या कारागिराला तीच वाट मोकळी राहते.

पॉलिशला हात लावण्यापूर्वी ते कशाचे आहे, हे पाहतात. आडबाजूला स्पिरिटचा एक थेंब टाकून तो भाग चिकट झाला, तर पॉलिश चपडी लाखेचे असते. अशा वेळी सगळे खरवडण्याची गरज क्वचितच पडते. स्पिरिटने जुना थर मऊ करून त्यावरच नवे हात देता येतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, मऊ सुती कापडात कापूस गुंडाळून केलेल्या पोटलीने ती पातळ-पातळ चढवतात. पोटली चिकटू नये म्हणून तिला तेलाचे बोट लावतात. पावसाळी दमट दिवशी हे काम टाळतात, कारण ओलावा धरून थर पांढुरका पडतो. यंत्राने घासणे हा सोपा वाटणारा पण घातक मार्ग आहे: त्यात जुना रंग जातो, आणि प्लायवूडवरचे व्हिनिअर (लाकडाचा चिकटवलेला पापुद्रा) एक मिलिमीटरहूनही पातळ असल्याने पाहता पाहता फाटते.

वाळवी मुख्यतः जमिनीला व भिंतीला टेकलेल्या पाठीमागच्या फळ्यांतून चढते. सागाचा गाभा तिला पुष्कळ अंशी दाद देत नाही, बाहेरचे पांढरे लाकूड मात्र पोखरले जाते. पोकळ भाग कापून तेथे रेषा जुळवून नवा तुकडा बसवतात आणि उघड्या लाकडाला टाकणखार (बोरॅक्स) व बोरिक आम्लाचे पाणी पाजतात.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकाम शिकवले जाते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. तीत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत तारणाविना कर्ज मिळते. दुरुस्तीची मजुरी रोजावर किंवा उक्ती ठरते. आतली कीड व फुटलेली कुसे सामान उघडल्यावरच दिसत असल्याने अनुभवी मिस्त्री पाठीमागची फळी काढून पाहिल्याशिवाय उक्ता आकडा सांगत नाहीत.