ऑब्जेक्टिव्हवरचा दुसरा आकडा

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात असो की ऑनलाइन, मुलासाठी दुर्बीण घ्यायला निघालेले पालक पहिला प्रश्न हमखास तोच विचारतात: "किती पट मोठं दिसतं?" खोक्यावर उत्तर ठळक छापलेलं असतं: ५२५ पट! आकडा खोटा नाही. पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर ७०० मिमी, नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग) ४ मिमी नाभीय अंतराची, म्हणजे १७५ पट. मधे तीन पटींची बार्लो (पटी वाढवणारं जोडभिंग) बसवली की झाले ५२५. हिशेब चोख, पण दिसत काहीच नाही. गुरूच्या जागी एक मळकट डाग थरथरतो आणि पंधरा दिवसांत दुर्बीण माळ्यावर जाते.

या दुर्बिणीचं पुढचं भिंग, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह (शाळेच्या पुस्तकातलं पदार्थभिंग), जेमतेम ६० मिमी व्यासाचं असतं. प्रकाश गोळा करणं आणि बारकावे सुटे करणं, दोन्ही कामं त्याची. नेत्रिका त्याने बनवलेली प्रतिमा फक्त मोठी करते. त्या प्रतिमेत जे उतरलंच नाही, ते ती कुठून आणणार? अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिमी उघडते. ६० मिमीचं भिंग तिच्या सुमारे ७३ पट प्रकाश घेतं. ही कमाई ५२५ पटींवर पसरली की प्रतिमा अंधारते आणि फुगते. साधा नियम असा, की व्यासाच्या दर मिलिमीटरमागे फार तर दोन पटी. ६० मिमीला १२० पुरे. त्याच खोक्यातली २० मिमीची नेत्रिका लावा. ३५ पटींवर चंद्राची विवरं आणि गुरूचे चार चंद्र स्वच्छ दिसतात. मे महिन्यात मात्र गच्चीवर मांडू नका. नागपुरी उन्हात तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो आणि त्या हवेत प्रतिमा उकळल्यासारखी हलते. मोकळं मैदान बरं. त्याहून बरं पेंचचं जंगल, जे २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचं आकाश अंधारं राखलेली जागा) ठरलं.

मायक्रोस्कोपचंही तसंच आहे. त्याच्या ऑब्जेक्टिव्हवर दोन आकडे कोरलेले असतात: ४०/०.६५, १००/१.२५. पहिला पटींचा. दुसरा फारसा कुणी वाचत नाही, आणि खरं मोल त्याचंच. तो न्युमेरिकल अपर्चर, थोडक्यात एनए.

स्लाइडवरच्या बारीक रचनेतून प्रकाश गेला की त्याचं विवर्तन होतं, तो बाजूला फाकतो. रचना जितकी बारीक, तितका प्रकाश जास्त तिरपा फाकतो. म्हणजे बारकाव्याची बातमी सरळ किरणात नसतेच, ती तिरप्या किरणांत असते. ऑब्जेक्टिव्हने ते तिरपे किरण पकडले तर बारकावा दिसतो, निसटले तर प्रतिमेतून तो साफ गायब होतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी हे १८७३ मध्ये मांडलं. एनए म्हणजे भिंग किती तिरपा किरण पकडतं त्या कोनाची ज्या (साइन), गुणिले मधल्या माध्यमाचा अपवर्तनांक. प्रकाशाच्या तरंगलांबीला एनएच्या दुपटीने भागलं की सुटं दिसू शकणारं लहानात लहान अंतर मिळतं. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). १०/०.२५ ला हे अंतर १.१ मायक्रॉन येतं, ४०/०.६५ ला ०.४२ आणि १००/१.२५ ला ०.२२. फुटाळा तलावाच्या पाण्यातला पॅरामेशियम हा एकपेशीय जीव पहिल्यावरच मजेत बघता येतो. क्षयाचा जंतू जेमतेम अर्धा मायक्रॉन रुंद, त्याला शेवटचाच लागतो.

सूत्र नीट पाहिलं तर एक अडचण दिसते. हवेचा अपवर्तनांक १, आणि साइन १ च्या वर जात नाही. मग १.२५ आला कुठून? तेलातून.

काचेतून वर निघालेला किरण ४१ अंशांहून तिरपा असेल, तर त्याचं पूर्ण आंतरिक परावर्तन होतं आणि तो काचेतच माघारी फिरतो. हवेत बसलेलं भिंग कितीही चांगलं असो, तो किरण त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पण काच आणि भिंग यांच्यामध्ये १.५१५ अपवर्तनांकाचं तेल भरलं, तर काच संपली हे किरणाला कळतच नाही. तो सरळ पुढे जातो आणि ५५ अंशांपर्यंतचे किरण हाती लागतात. काचेच्या स्लाइडचा तुकडा या तेलात बुडवून पाहा, त्याच्या कडा जवळजवळ दिसेनाशा होतात. झाइस या जर्मन कंपनीने अशी तेलातली ऑब्जेक्टिव्ह १८७८ च्या सुमारास आणली आणि रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू जगाला दाखवला. आज गडचिरोलीहून आलेल्या रक्ताच्या स्लाइडवर हिवतापाच्या परजीवीचं कडं शोधतात तेही याच तेलातून. ७ मायक्रॉनच्या तांबड्या पेशीत दोनेक मायक्रॉनचं निळं कडं, त्यावर लाल ठिपका.

'जिवंत रक्ताची तपासणी' म्हणून पडद्यावर 'रक्तातली विषद्रव्यं' दाखवून चूर्ण विकणाऱ्यांना हा ०.२२ चा आकडा ऐकवावा. विषद्रव्याचे रेणू त्याहून कैक पटींनी लहान, ते असल्या मायक्रोस्कोपात दिसूच शकत नाहीत. पडद्यावरच्या काटेरी पेशी आणि नाण्यांसारख्या चळती बहुधा थेंब सुकू लागल्याच्या खुणा असतात. लोकांच्या भीतीवर चाललेला हा धंदा संतापजनक आहे.

आता चुका कुठे होतात ते. १००/१.२५ वापरताना कंडेन्सर (स्लाइडखालचं, प्रकाश एकवटणारं भिंग) वर चढवलेला आणि त्याची झडप उघडी हवी. तो खाली राहिला तर तिरपे किरण मुळातच कमी पडतात आणि तेलाचा बराचसा फायदा बुडतो. प्रतिमा धुरकट वाटली तर नेत्रिका काढून नळीत डोकावा, तेलात अडकलेला हवेचा बुडबुडा तिथे स्पष्ट दिसतो. तेल पुसून नवा थेंब घाला. काही जण तेलाऐवजी लिक्विड पॅराफिनवर काम भागवतात, पण त्याचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास, त्यामुळे धार बोथट होते.

स्लाइड १० वर नीट दिसते आणि ४० वर काही केल्या फोकस होत नाही? ती बहुधा उलटी ठेवली आहे. काच १ मिमी जाड, आणि ४० च्या भिंगापुढे सहसा त्याहूनही कमी जागा असते. स्क्रू फिरवत बसलात तर भिंग स्लाइडवर आपटेल. ऑब्जेक्टिव्हवर '०.१७' लिहिलेलं असेल तर ती कव्हरस्लिपची (नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचेची) जाडी, मिलिमीटरमध्ये. ४०/०.६५ खाली कव्हरस्लिप नसलेला रक्ताचा लेप थोडा धूसर दिसतो तो त्यामुळेच, नजर तपासायची गरज नाही.

तेल घातल्यावर ४० वर परत फिरू नका, तेल त्याच्या समोरच्या भिंगाला लागतं. काम झालं की १०० चं तेल लेन्स पेपरने लगेच टिपा, रुमालाने नाही, घासून तर नाहीच. तेल काढायला झायलीन हे द्रावक वारंवार वापरलं तर भिंगं चिकटवलेला सिमेंट सुटायची भीती असते. आणि नागपूरचा पावसाळा लागला की ऑब्जेक्टिव्ह बंद लाकडी पेटीत विसरू नका. दमट हवेत काचेवर बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि काचेवरचा लेप कायमचा खाते. हवाबंद डब्यात ओलावा शोषणारी निळी सिलिका जेल ठेवा. ती गुलाबी झाली की मंद आचेवर तापवून निळी करून घ्या आणि पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात परत घाला.