शिट्टीचा वाद आणि पायांतला दम

११ जून २०२४ ला दोहामध्ये भारत कतारविरुद्ध १-० ने पुढे होता. ७३व्या मिनिटाला भारताचा गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने अडवलेला चेंडू गोलरेषेबाहेर गेला. कतारच्या खेळाडूने तो बाहेरूनच आत ओढला, युसुफ अयमनने जाळ्यात घातला आणि कोरियन पंच किम वू-संग यांनी गोल दिला. रिप्ले बघायला व्हिडिओ पंचच नव्हता. आशियाई पात्रता स्पर्धेच्या त्या दुसऱ्या फेरीत ती सोयच ठेवली नव्हती. ८५व्या मिनिटाला कतारने आणखी एक गोल केला. सामना गेला, आणि विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत पहिल्यांदाच जाण्याची संधीही गेली.

मराठवाड्यात फुटबॉलचा प्रेक्षक क्रिकेटच्या मानाने मूठभर. पण संभाजीनगर असो की नांदेड, जिथं संध्याकाळी चेंडू लाथाडला जातो तिथं अजूनही हा विषय निघाला की पंचाचा उद्धार होतो. रागही रास्तच आहे. तरीही एक खटकतं : ८५व्या मिनिटाच्या गोलाबद्दल कुणी बोलत नाही. त्याला ना वादाची फोडणी, ना अन्यायाची. पात्रता आधीच पक्की झाल्यामुळे कतारने बराचसा नवखा संघ उतरवला होता आणि शेवटच्या वीस मिनिटांत तोच आपल्यापेक्षा जास्त पळत होता. पंचाचा निर्णय आणि खेळाडूंचा दम ही दोन वेगळी प्रकरणं म्हणून सांगितली जातात. फुटबॉलच्या इतिहासात त्यांची वारंवार एकाच मैदानावर गाठ पडलेली दिसते.

सुरुवातीला मैदानात आजच्यासारखा पंचच नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये दोन्ही संघ आपापला अंपायर आणत. खेळाडूंनी दाद मागितली तरच ते निर्णय देत, क्रिकेटमधल्या अपिलासारखं. दोघांचं जमलं नाही तर बाहेर बसलेल्या रेफरीकडे जायचं. १८९१ मध्ये रेफरी आत आला, अंपायरांचे लाइनमन झाले आणि त्याच वर्षी पेनल्टीही आली. तेव्हापासून सगळा भार एका माणसावर. त्या माणसालाही आज एका सामन्यात दहा-बारा किलोमीटर पळावं लागतं, हे त्याला शिव्या घालताना कुणाच्या ध्यानात राहत नाही.

१९६६ चा विश्वचषक म्हटलं की वेम्बलीतला इंग्लंड-पश्चिम जर्मनी अंतिम सामना आठवतो : जादा वेळेत इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा फटका आडव्या दांडीला लागून खाली आपटला, स्विस पंच गॉटफ्रीड डीन्स्ट लाइनमन तोफिक बहरामोव्हकडे गेले आणि गोल दिला गेला. चेंडू पूर्ण रेषेपलीकडे गेला होता का, यावर अजून भांडणं होतात. बहरामोव्हच्या नावाने अझरबैजानच्या बाकूमध्ये स्टेडियम आहे. चुकीच्या म्हणवल्या जाणाऱ्या निर्णयामुळे एवढा मान क्वचितच कुणाला मिळाला असेल.

मला मात्र त्याच स्पर्धेतला दुसरा सामना जास्त महत्त्वाचा वाटतो. १९ जुलैला लिव्हरपूलमध्ये पोर्तुगालच्या मोराइसने पेलेला एकाच धावेत दोनदा पाडलं. इंग्लिश पंचाने त्याला मैदानात राहू दिलं. बदली खेळाडूची सोय नव्हती, त्यामुळे पेले उरलेला सामना लंगडत खेळला आणि ब्राझील ३-१ ने हरून बाहेर गेला. त्याच आठवड्यात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात कर्णधार रातिनला पंचाने बाहेर काढलं, पण भाषेच्या गोंधळात तो कितीतरी वेळ हलायलाच तयार नव्हता. पंचांचं काम पाहणारे केन ॲस्टन यांना पुढे लंडनच्या सिग्नलवर पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना सुचली, असं ते सांगत. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं आली आणि बदली खेळाडूही आले, प्रत्येक संघाला दोन. पंचाचा हात आणि खेळाडूचं शरीर, दोन्हींसाठीची सुधारणा एकाच स्पर्धेत झाली.

पण त्याच मेक्सिकोत युरोपातल्या टीव्हीच्या वेळा सांभाळायला अनेक सामने भर दुपारी बारा वाजता लावले होते, त्यांतले काही समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वरच्या विरळ हवेत. परभणीत मे महिन्यात भर दुपारी मैदानावर उभं राहिलेल्या माणसाला यातलं अर्धं दुखणं समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे उन्हाळी सराव एक तर उजाडता उजाडता, नाही तर पाचनंतर. इटली-पश्चिम जर्मनी उपांत्य सामना जादा वेळेत ४-३ असा संपला, तेव्हा बेकेनबाउर निखळलेला खांदा छातीशी बांधून खेळत होता. जर्मनीने दोन्ही बदली खेळाडू आधीच वापरून टाकले होते.

उन्हाचा हा प्रश्न पुढची चोवीस वर्षं तसाच पडून राहिला. १९९४ च्या विश्वचषकात २४ जूनला अमेरिकेतल्या ऑर्लँडोत दुपारी साडेबाराला आयर्लंड-मेक्सिको सामना सुरू झाला. आयर्लंडला दमलेला खेळाडू काढून ऑल्ड्रिजला आत पाठवायचं होतं. कागदपत्रांच्या कारणावरून अधिकाऱ्यांनी त्याला काही मिनिटं रेषेवरच अडवलं. प्रशिक्षक जॅक चार्ल्टन आणि ऑल्ड्रिज यांनी तिथंच जो तमाशा केला तो जगभर दिसला. चार्ल्टनना दंड आणि एका सामन्याची बंदी मिळाली. त्याच ऑल्ड्रिजने नंतर गोल केला, पण आयर्लंड १-२ ने हरलंच.

२०१४ च्या ब्राझील विश्वचषकात तिथल्या कामगार न्यायालयाने सांगितल्यावर उष्णतेसाठी पाण्याची विश्रांती पक्की झाली. त्यासाठीचा ३२ अंशांचा आकडा पाऱ्याचा नव्हे. त्यात ओल्या फडक्याचा थर्मामीटर, ऊन आणि वारा हे सगळं धरलेलं असतं. पावसाळ्यात माठातलं पाणी हवं तसं गार होत नाही, त्याच कारणाने दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग तापत जातं. म्हणून फोर्तालेझासारख्या समुद्रकाठच्या गावात आपल्याला मामुली वाटणारं तापमानही खेळाडूला आडवं करतं.

तिथंच २९ जूनला नेदरलँड्स मेक्सिकोविरुद्ध ०-१ ने मागे होतं. दुसऱ्या सत्रातल्या पाण्याच्या विश्रांतीत प्रशिक्षक व्हान हाल यांनी डावपेच बदलले, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. ८८व्या मिनिटाला स्नायडरने बरोबरी केली. मग जादा मिनिटांत नेदरलँड्सचा रॉबेन मेक्सिकोच्या मार्केझच्या पायाशी पडला, पोर्तुगीज पंच प्रोएन्सा यांनी पेनल्टी दिली आणि हुंटेलारने ती मारली. ती पेनल्टी नव्हतीच, असं मेक्सिकोत आजही म्हणतात. पण सामना फिरला तो तीन मिनिटं पाणी प्यायला थांबल्यावर.

२००२ च्या विश्वचषकात याच्या उलट घडलं. दक्षिण कोरियाने इटलीला ११७व्या मिनिटाच्या सुवर्ण गोलाने, म्हणजे जादा वेळेत पडताच सामना संपवणाऱ्या गोलाने, हरवलं. पंच बायरन मोरेनो यांनी इटलीच्या तोत्तीला बाहेर काढलं होतं आणि तोमासीचा गोल नाकारला होता. चार दिवसांनी स्पेनचे दोन गोल रद्द झाले आणि कोरिया पेनल्टींवर जिंकला. हे निर्णय अंगावर येणारेच होते. पण स्पेनला सहा दिवस विश्रांती मिळाली होती, कोरियाला चारच, आणि तरीही शेवटपर्यंत धावत होते ते कोरियन. कोरियाचे प्रशिक्षक हिडिंक यांनी त्यासाठी संघाला महिनोन्महिने शिबिरात राबवलं होतं. लोकांच्या लक्षात राहिले ते फक्त मोरेनो.

आपल्याकडे दमाची ही गोष्ट हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांना फार आधी उमगली होती. १९५६ पर्यंत मराठवाडा ज्या राज्यात होता, त्याच हैदराबादचे ते. १९४८ च्या ऑलिम्पिकमध्ये भारत फ्रान्सशी १-२ हरला, तो गोल अगदी शेवटी खाऊन. दोन पेनल्टी आपण हुकवल्या होत्या, पंचाचा काही दोष नव्हता. देशातले सामने तेव्हा ७० मिनिटांचेच असत. रहीम यांनी दमसास आणि झटपट पास यांवर हैदराबाद सिटी पोलीस संघ उभा केला आणि त्याने १९५० ते १९५४ सलग पाच रोव्हर्स कप जिंकले. जकार्तातल्या आशियाई स्पर्धा, १९६२, रहीम भारताचे प्रशिक्षक : प्रेक्षक उघड उघड भारताविरुद्ध, जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके, त्रिलोकसिंग दुखऱ्या पायाने खेळलेला. तरी अंतिम सामन्यात कोरिया २-१ ने हरला.

यंत्रं मात्र निर्णयांसाठीच भराभर आली. २०१० मध्ये इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू रेषेपलीकडे गेला तरी गोल मिळाला नाही, आणि २०१४ ला गोलरेषेवर यंत्र बसलं. २०१८ ला व्हिडिओ पंच, २०२२ ला ऑफसाइड टिपणारं अर्धस्वयंचलित यंत्र. पाच बदली खेळाडू मात्र कोरोनामुळे २०२० मध्ये तात्पुरते म्हणून आले आणि मग राहिले. आता २०२६ च्या विश्वचषकासाठी ४८ संघ, १०४ सामने, आणि विजेत्याला सातऐवजी आठ सामने. प्रत्येक सत्रात तीन मिनिटांची पाण्याची विश्रांती फिफाने सगळ्याच सामन्यांना लावली आहे, हवा थंड असली तरी. ती खेळाडूंसाठी आहे असं फिफा म्हणते. टीव्हीवाल्यांना त्या तीन मिनिटांत जाहिराती बसवता येतात, हेही खरं.