न पडलेल्या पक्ष्याचा हिशेब

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात जुन्या शिकारींचे आकडे कोरलेले दगड अजून उभे आहेत. तारीख, प्रसंग, बंदुका किती, पक्षी किती. नोव्हेंबर 1938 मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो पाहुणे होते, त्या एका दिवसाचा आकडा आहे 4,273. छर्रा लागून पाणगवतात शिरलेल्यांसाठी रकाना नाही.

खरं तर छर्ऱ्याच्या बंदुकीत जखमी पक्षी धरूनच चालावं लागतं. एका काडतुसातले दोन-अडीचशे छर्रे नळीतून सुटले की पांगत जातात. मधोमध सापडलेला पक्षी जागीच गार होतो. कडेच्याला एखाददुसरा छर्रा लागतो. पंख मोडून तो खाली येतो आणि झुडपात पळतो, नाहीतर छर्रा अंगात घेऊन उडत राहतो.

ब्रिटनमध्ये तोंडाकडून ठासायच्या बंदुका होत्या तोवर शिकारी कुत्रा घेऊन रान तुडवायचा. दोन बारांमध्ये बराच वेळ जाई, त्यामुळे कुठला पक्षी कुठे पडला ते ध्यानात राही. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात लफोशे या फ्रेंच कारागिराची मागून भरायची बंदूक आली आणि पुढच्या काही दशकांत सगळं पालटलं. हाकारे फेझंट, म्हणजे कोंबडीच्या कुळातले रानपक्षी, उठवून बंदुकांवर आणायचे, मागे उभा असलेला नोकर दुसरी भरलेली बंदूक हातात द्यायचा. एक पक्षी पडेपर्यंत नजर पुढच्यावर गेलेली. तडफडणाऱ्याला शोधणं हे मागच्या माणसांचं आणि पडलेला पक्षी उचलून आणणाऱ्या रिट्रीव्हर कुत्र्यांचं काम झालं. जबाबदारी अशी सोयीने हस्तांतरित झाली, असं मला वाटतं. 18 डिसेंबर 1913 ला इंग्लंडमधल्या हॉल बार्न या इस्टेटीवर राजा पंचम जॉर्जच्या मंडळींनी दिवसात 3,937 फेझंट पाडले. आज जरा अतीच झालं, असं राजा घरी परतताना मुलाला म्हणाला होता.

पळणाऱ्या जखमी पक्ष्याला तिथले शिकारी 'रनर' म्हणतात. आजचा शिष्टाचार सांगतो, की कुत्रा आधी रनरमागे सोडायचा. मेलेला थांबू शकतो. हातात आलेल्या जिवंत पक्ष्याची मान मोडायची किंवा डोक्यावर 'प्रीस्ट'चा एकच टोला. आखूड, जड दांडक्याला पाद्र्याचं नाव, कारण अंत्यविधी त्याच्याकडे!

अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांबाबत हे कायद्यातच आहे. जखमी पक्षी शोधण्याचा वाजवी प्रयत्न करायचा, हाती लागला की लगेच मारायचा आणि दिवसाच्या मर्यादेत मोजायचा. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा आणि 1991 ची दुरुस्ती यांनी हौशी शिकारच थांबवली, त्यामुळे हा प्रश्नच उरला नाही.

पण हे सगळे नियम पडलेल्या पक्ष्याचे. न पडलेल्याचा हिशेब डेन्मार्कमध्ये लागला. 1990 च्या दशकात तिथल्या संशोधकांनी पिंक-फूटेड गूज जातीचे जिवंत हंस पकडून त्यांचे एक्स-रे काढले. प्रौढांपैकी सुमारे एक तृतीयांश हंसांच्या अंगात छर्रे होते. धडधाकट दिसणारे, उडणारे पक्षी! 1997 पासून शिकाऱ्यांमध्येच मोहीम सुरू झाली: अंतर ओळखायला शिका, लांबून बार टाकू नका. पुढच्या वर्षांतल्या एक्स-रेंमध्ये छर्रेवाले हंस बरेच कमी झालेले दिसले.