वाइल्डबीस्ट दक्षिणेला परत का येतात?

सेरेंगेटीच्या सहलीची जाहिरात म्हटली की मारा नदी आली, मगरी आल्या आणि पाण्यात उड्या टाकणारे वाइल्डबीस्ट, म्हणजे कळपाने फिरणारी आफ्रिकेतली मोठी हरणं, आले. टांझानियातलं हे राष्ट्रीय उद्यान 14,763 चौरस किलोमीटरचं. त्यात आणि त्याला लागून असलेल्या केनियातल्या मसाई मारात सुमारे 13 लाख वाइल्डबीस्ट वर्षभर फिरत असतात. कोरड्या दिवसांत ते उत्तरेला पाण्यासाठी जातात, हे सरळ आहे. पण पाऊस सुरू झाला की परत दक्षिणेला का? उत्तरेला पाऊस जास्त, गवत उंच, नदी बारमाही. दक्षिणेच्या मैदानावर घोटाएवढं गवत आणि झाड तर औषधालाही नाही!

याचं उत्तर राखेत आहे. पूर्वेला ओल डोइन्यो लेंगाई हा जागृत ज्वालामुखी आहे. त्याचा लाव्हा आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टसारखा नाही. त्यात सिलिका अत्यल्प आणि कार्बोनेट भरपूर. त्याची आणि शेजारच्या जुन्या ज्वालामुखींची राख हजारो वर्षं वाऱ्याबरोबर या मैदानांवर पडत आली. इथे पाऊस बेताचा, त्यामुळे विरघळलेले क्षार वाहून जात नाहीत. ते थोडे खाली मुरतात आणि तिथेच साकळतात. वरच्या मातीखाली कोब्यासारखा टणक, चुनखडीचा थर तयार होतो. झाडांची मुळं तो भेदू शकत नाहीत. वर उरतं ते आखूड गवत, पण कॅल्शियम आणि फॉस्फरसने समृद्ध.

आता मादीचा विचार करा. पिल्लाची हाडं आणि तिचं दूध, दोन्हींना फॉस्फरस लागतो. तो कमी पडला की आपल्याकडची दुभती गायसुद्धा हाडं चघळू लागते. उत्तरेच्या उंच गवतात दुभत्या मादीला पुरेल इतका फॉस्फरस नसतो. म्हणून फेब्रुवारीच्या सुमारास, जेमतेम दोन-तीन आठवड्यांत, बहुतेक माद्या या मैदानावरच वितात. त्यांचं रुंद, चौकोनी तोंड असं जमिनीलगतचं गवत खुडायला अगदी योग्य असतं.

'प्राण्यांना सहावं इंद्रिय असतं' हे ऐकलं की मला वाईट वाटतं. राख, क्षार, दूध ही साखळी त्या गूढ स्पष्टीकरणापेक्षा कितीतरी विलक्षण आहे.

जाणार असाल तर जानेवारी ते मार्चमध्ये याच दक्षिणेच्या मैदानावरच्या एन्डुटूच्या बाजूला जा. नदी ओलांडणं तिथे दिसणार नाही, पण जन्मल्यावर काही मिनिटांतच धडपडत उभी राहणारी पिल्लं दिसतील. मे उजाडला की मैदान सुकू लागतं आणि कळप निघतात.